जोडवी काढायला लावणाऱ्या टीचर

टीचर उड्या मारताना अखंड बोलत आणि कॅसेट थांबली की तोंडाला कुलूप. त्या कोइंबतूरच्या, एवढंच काय ते तंजावरला ठाऊक होतं. नवरा कुठे असतो असं विचारलं तर "दूर" म्हणत. कपाळावर ठसठशीत कुंकू, तेव्हा आम्हीच ठरवून टाकलं, दुबईला. त्या वर्षांत घरोघरी केबल टीव्ही येत होता आणि गल्लीगणिक कुणी ना कुणी दुबईला होतं.

आडी या तमिळ महिन्यात लग्नं नसतात, म्हणून मागच्या रस्त्यावरचा कल्याणमंडप रिकामा असे. तिथे त्यांनी बायकांसाठी एरोबिक्सचा क्लास काढला. धाकटीच्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली होती, म्हणून मीही ओढणीला पिना लावून गेले. पहिल्याच दिवशी टीचरनी सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेट्टी काढून ठेवा. उडी चुकली तर बोट जाईल." मेट्टी म्हणजे आमची जोडवी. सवाष्णींनी ती काढायची? कुणी हललं नाही. टीचरही कॅसेट लावेनात. कुणी असं एकटं पडलं की त्याची बाजू घ्यायची मला जन्मजात खोड आहे. मी जोडवी काढून रुमालात बांधली. मग आणखी दोघीतिघींनी काढली. बाकीच्या शेवटपर्यंत उड्या न मारता नुसत्या झुलत राहिल्या.

"दमलात तर इथेच बसा, घरी पळू नका," टीचर म्हणत. "घरी तुम्हाला बसू कोण देणार आहे?" यावर आम्ही हसायचो खरं, पण क्लास संपला तरी पाय काही घराकडे वळत नसत.

आणि मग पापनाशमच्या रस्त्यावर माझ्या नवऱ्याच्या मोपेडला लॉरीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. जोडव्यांची गोष्ट शेजारणीने सासूबाईंपर्यंत आधीच पोचवली होती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या माझ्या पायांकडे बघत. एकदाच म्हणाल्या, "वाचला हे त्याचं नशीब. तू तर काढून मोकळी झाली होतीस." मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई, पण मनातून पार खचले. आंघोळ करतानाही जोडवी जागेवर आहेत ना, हे चाचपून बघू लागले. क्लास तर सुटलाच.

मी येईना म्हणून टीचर घरी आल्या. सासूबाईंनी रीतीप्रमाणे कॉफी दिली आणि मग सरळ तोंडावर म्हणाल्या, माझ्या मुलाची ही दशा तुमच्यामुळे झाली, हिच्यामुळे झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीचरनी कॉफी खाली ठेवली. बोलत होत्या सासूबाईंशी, पण बघत होत्या माझ्याकडे.

"मामी, मी माझी मेट्टी कधीच काढली नव्हती. बाळंतपणातसुद्धा नाही. तरी ते गेले. मग लोकांनी काढली."

खाटेवर पडलेल्या माझ्या नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, पण कुणाच्या जिवावर! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. विधवा बाई कुंकू लावून लग्नाच्या मंडपात सवाष्णींना नाचवते म्हणून दुसऱ्या दिवशी मंडप रिकामा, तिसऱ्या दिवशी मालकाने किल्ली परत घेतली. आडी सरायच्या आत टीचर गाव सोडून गेल्या. असं होणार हे त्या कॉफी खाली ठेवतानाच जाणून होत्या, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

कारण त्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा सासूबाईंनी सवयीने कुंकवाची डबी उघडली, बोट कुंकवात गेलं आणि तिथेच थांबलं. टीचर क्षणभर उभ्या राहिल्या, मग हात जोडून पायऱ्या उतरल्या. मी डबी हिसकावून मागे धावले आणि भर रस्त्यात, समोरच्या ओसरीवरच्या बायका बघत असताना, त्यांना कुंकू लावलं. त्यांनी माझा हात धरून खाली केला.

"असं करू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला इथेच राहायचंय."