गुण्या लाव, सरळ पाड

हे मी बायकोला सांगितलं नाही, सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, माझं मलाच ठाऊक नाही — पण आता गिळवत नाही.

मी जातीचा सुतार. बापाच्या हाताखाली रंधा धरला, वखर-तिफणी केल्या, आणि मग — छप्पन्न सालाच्या पुढंमागं — तालुक्याच्या शाळेत सुतारकाम शिकवायला लागलो. केवढी ऐट होती मला! इस्त्रीचा सदरा काय, पायात चपला काय! कळंबकडच्या आमच्या खेड्यातलं बापाचं काम धाकट्या भावाकडे गेलं. गावात सुतार तो एकटाच.

शाळा सुटल्यावर मोठ्या माणसांचाही एक वर्ग मी घ्यायचो. त्यात आमच्याच गावचा दौलत यायचा. त्याच्या घरानं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, गावकीची जुनी कामं टाकून दिली होती. त्याची बायको लोकांच्या वावरात तण निंदायला जायची. हातात कसब आलं की कोणापुढं वाकायला नको, एवढंच त्याला हवं होतं. आणि हात — काय सांगू — माझ्यापेक्षा सरस होता. हे तरी मी कधी कबूल केलं का?

गावातल्या एका शेतकऱ्याचं माझ्या भावाशी बिनसलं, म्हणून त्यानं पेरणीची नवी तिफण दौलतला करायला सांगितली. ती जमली असती तर निम्मं गाव त्याच्याकडे गेलं असतं. भाऊ शाळेच्या दारात येऊन माझ्यावर उखडला, “तू लोकायले शिकवून राह्यला का माह्या पोटावर पाय देऊन राह्यला?”

भावासाठी केलं म्हणू? खोटं आहे ते. भाऊ काही उपाशी मरणार नव्हता. माझ्या बापाची विद्या दौलतच्या घरात जावी — त्याच्या घरात — हेच मला सोसवत नव्हतं. वर्गात मी सगळे सारखे म्हणून सांगायचो. बोलायला काय जातं?

तिफणीचे तीन फण ज्या आडव्या लाकडात बसतात, ते दिंड. त्याची भोकं किंचित तिरपी पाडावी लागतात. तो कल नुसता वरून बघून कळत नाही, कोणीतरी शिकवावा लागतो. कल नसला तर फण मातीत रुतत नाहीत. दौलतनं विचारलं, “मास्तर, दिंडाले भोकं कशी पाडाची?” दुसऱ्या कोणाला विचारणार होता? गावात कोणी त्याला आपली तिफण उकलून बघू दिली असती?

मी म्हणालो, “गुण्या लाव अन् सरळ पाड.” काटकोन बघायचा तो गुण्या मीच त्याच्या हातात दिला.

पेरणीला मी गावात होतो — मुद्दाम गेलो होतो, लपवू कशाला? बैल चालले. तिफण मातीवरून घसरत गेली, बी उघड्यावर पडलं. लोक हसायला लागले. शेतकरी चिडून म्हणाला, “आता तुमीच सांगा मास्तर, याचं काय चुकलं?”

एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. आणि मी म्हणालो, “काही लोकायच्या हातातच नसते ते.”

दौलत वाकून उघड्यावरचं बी वेचायला लागला. त्यानंतर त्याला कोणी साधी खाटसुद्धा ठोकायला दिली नाही. दिवाळीनंतर सरकी काढायचे जिन सुरू झाले, तसा तो यवतमाळला कापसाच्या गाठी उचलायला निघाला. जाण्याआधी शाळेत आला. मला वाटलं — याला कळलं असणार, आता चारचौघांत जाब विचारणार. विचारला असता तर बरं झालं असतं हो!

त्यानं हात जोडले. म्हणाला, “मास्तर, माह्यापायी तुमचं नाव खराब झालं. माफी असू द्या.”

आणि मी — मी त्याला माफ केलं.