मर्टलचा क्लीन पोरगा

रँडल हिस्कॉकच्या पोटात दुखायचं ते मावसभावामुळे, आणि हे त्याचं त्यालाही पक्कं ठाऊक होतं. चांगला चौतिशीचा बाप्या, आल्बर्टाच्या तेलखाणीत वेल्डिंग करून हातांवर डागच डाग पडलेले, आणि जळायचा कुणावर? तर आपल्याहून आठ वर्षांनी लहान ट्रेंटवर. ज्याला त्यानंच मासे चिरायला शिकवलं, ज्याचं नाक त्यानंच पुसलं, त्या ट्रेंटवर!

पण जळू नये तर काय करावं माणसानं? ट्रेंटची आई वारली तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. रँडलच्या आईनं, मर्टलनं, बहिणीचं पोर उचलून घरी आणलं, आणि त्या दिवसापासून भांड्याच्या तळाचं मऊ मांस ट्रेंटच्या ताटात जायला लागलं. "त्याला आई नाही रे," मर्टल म्हणायची. रँडलला वाटायचं, मला तरी कुठं उरलीय आता? पण बारा वर्षांच्या पोरानं असलं बोलायचं नसतं. तो बोलला नाही, आणि ते न बोललेलं त्याच्या पोटात बसलं ते बसलंच.

पुढं त्यांच्या हेरिंग टिकल गावातल्या सगळ्या तरण्या पोरांसारखे दोघं खाणीवर गेले. तीन आठवडे कॅम्पात राबायचं, मग विमानानं देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूफाउंडलंडला घरी आठवडाभर, मग पुन्हा परत. तिथंही तेच! ट्रेंटचे वेल्डिंगचे जोड क्ष-किरणांनी तपासले तरी एकदम साफ. ट्रेंट डबल पाळी मारतो आणि वर गाणीही म्हणतो. फोरमन म्हणायचा, "रँडल, तुझ्या भावाकडनं शीक जरा." शीक म्हणे! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात तो गांजाचा घोटाळा. रँडल सुट्टीत घरामागं बसून एखादी सिगारेट भरायचा, बस्स. पण खाणीवर मूत्र तपासतात, आणि गांजा अंगात आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. रँडल सापडला. अख्खा हिवाळा बिनकामाचा घरी बसला. मर्टल चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगायची, "माझा ट्रेंट बघा, त्यानं गांजा कधीच सोडला. दर वेळी तपासतात, दर वेळी क्लीन!" आणि शेजारी रँडल तिची छत्री धरून उभा.

परत कामावर घेतलं त्याला, पण ते 'क्लीन' डोक्यातून जाईना.

मार्चमधल्या एका शनिवारी दोघंही सुट्टीवर होते. ट्रेंट सकाळपासून लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली म्हणून ठेवत नव्हता पठ्ठ्या. मर्टल खिडकीतनं बघत म्हणाली, "माझ्या कोकराच्या अंगात किती रग आहे बघ. तू आपला बसलास चहा ढोसत."

"त्याला कोण अडवतंय, फोडू दे की गावाची लाकडं!" रँडल म्हणाला आणि करवतीचं तेल आणायला खाली धक्क्यावरच्या माशांच्या शेडमध्ये गेला. ट्रेंट त्याच्या आधीच तिथं पोचला होता. आजोबांच्या मासे चिरायच्या फळीवर वाकून तो पांढरी पूड नाकात ओढत होता.



"कोकेन?" रँडलनं विचारलं.

"अरे, ओरडू नको लेका." ट्रेंट हसला. "सगळेच घेतात तिकडं. तू येडा, गांजा ओढत बसलास आणि पकडला गेलास. हे दोन-तीन दिवसांत मूत्रातनं गायब! घरी येताना घ्यायचं, परत जायच्या आधी थांबायचं. क्लीनच्या क्लीन."

"म्हणून गांजा सोडलास होय?"

"मग काय! डोकं लागतं त्याला." ट्रेंटनं डोळा मारला. "मावशीला सांगू नको हां."

रँडलनं मान डोलावली. का डोलावली? भावाच्या मायेनं? छे! तो शेडमधून बाहेर पडला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की शीळ वाजवावीशी वाटली. हा त्यांचा क्लीन पोरगा! आता सांगायचं, पण असं नाही, घाईत नाही. उद्या रविवार. टेबलावर जेवण मांडलेलं असेल, मर्टल नेहमीसारखी ट्रेंटचे गोडवे गायला लागेल, आणि तेव्हा आपण बटाटा कापता कापता शांतपणे म्हणायचं. आईचा चेहरा कसा होईल याची तो रात्रभर मनात तालीम करत राहिला. त्या पुडीनं पोराच्या छातीला काय होईल हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही. सव्वीस वर्षांच्या माणसाला छाती असते हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

रविवारी भरदुपारी टेबलावर खारं गोमांस, कोबी, सलगम आणि फडक्यात बांधून उकडलेलं वाटाण्याचं पुडिंग मांडलेलं होतं. ट्रेंट उशिरा उठून आला. मर्टलनं त्याच्या ताटात मांस वाढलं आणि सुरू केलं, "काल या पोरानं—"

रँडलनं सुरी खाली ठेवली. तोंड उघडलं.

"मावशी," ट्रेंट म्हणाला, "मला जरा कसंतरी होतंय."

तो पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम. डावा हात चोळत होता आणि जबडा दाबून धरत होता. "गॅस झाला असेल, वाटाण्याचा," तो म्हणाला आणि तिथंच मोरीत ओकला.

"आल्याचं पाणी देते," मर्टल उठली. "छातीला तेल चोळते. काल फार राबलास, भरून आलं असेल."

रँडलनं एकदाच ट्रेंटकडे बघितलं आणि चाव्या उचलल्या, ट्रेंटच्याच नव्या ट्रकच्या. त्या ट्रकला हात लावायला रँडलला कधी मिळालं नव्हतं. "दवाखान्यात जायचं. ऊठ."

खालच्या खाडीवरच्या दवाखान्यात एकच नर्स, बर्निस, तीही घरून बोलावल्यावर आली. तिनं वायरी लावून ईसीजी काढला आणि कागदाकडे बराच वेळ बघत बसली.

"रेष थोडी वर दिसतेय. पण तरण्या धट्ट्याकट्ट्या पोरांची अशी असतेही कधी कधी. पित्त असू शकतं. काही घेतलंयस का रे तू? गोळ्या, पूड, काही?"

"नाही," ट्रेंट दातओठ आवळून म्हणाला.

"तो नाही हो," मर्टल म्हणाली. "तो क्लीन आहे. विचारायचं तर याला विचारा." आणि तिनं रँडलकडे बोट दाखवलं.

हीच ती घडी. आई समोर, ट्रेंट समोर, सांगायचं वाक्य रात्रभर घोटून तयार. आणि रँडल हिशेब करायला लागला. सांगितलं तर ट्रेंटची नोकरी जाईल, आणि आई म्हणणार की जळतोस म्हणून बोललास. खोटं काय होतं त्यात? ट्रेंट त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नको, नको. बर्निस पित्ताच्या औषधाच्या कपाटाकडे वळली होती.

"कोकेन घेतलंय त्यानं," रँडल म्हणाला.  "काल मी बघितलं. आजही घेतलं असेल."

"सकाळी," ट्रेंट डोळे मिटून म्हणाला. "दोनदा."

मर्टलनं फाडकन रँडलच्या थोबाडीत दिली. "मेल्या, आजारी पोरावर सुद्धा जळतोस!"

"मर्टल, बाजूला हो!" बर्निसनं तिला ढकललंच. ॲस्पिरिन चावायला दिली, ऑक्सिजन लावला, शहरातल्या डॉक्टरला फोन लावला, ॲम्ब्युलन्स मागवली. हात चालवता चालवता बोलत होती. "ती पूड काळजाच्या नळ्या आवळते आणि त्याच दमात काळजाला पळवते. गुठळी होते. वय नाही बघत ती. हे कळलं नसतं तर मी याला पित्ताचं देऊन घरी पाठवलं असतं. आणि धडधडीसाठी देतात त्यातली काही औषधं या पुडीवर उलटतात. बरं झालं बोललास."

शहरातल्या इस्पितळात काळजाची तुंबलेली नळी उघडली. ट्रेंट वाचला, पण काळजाचा एक तुकडा मेला तो मेलाच. डॉक्टर म्हणाले, डबल पाळी विसरा. आणि हे नाक पुन्हा पुडीवर वाकलं तर आमच्याकडे आणूही नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्टल ट्रेंटच्या खोलीबाहेरच्या बाकावर रँडलशेजारी येऊन बसली. थोबाडीत दिल्यापासून बोलली नव्हती.

"'काल बघितलं' म्हणालास तिथं नर्सला. म्हणजे शनिवारी?"

"हो."

"आणि रविवारी जेवायला बसेपर्यंत गप्प राहिलास?"

रँडलला वाटलं होतं ती 'का सांगितलंस' म्हणून भांडेल. त्याची उत्तरं त्यानं जुळवून ठेवली होती. 

"तुझ्यासमोर सांगायचं होतं," तो म्हणाला. "टेबलावर. तुझं तोंड बघायचं होतं मला, आई."

"म्हणजे मी त्याला हाकलेन आणि तुला जवळ घेईन?"

"हो."

 आतल्या खोलीत ट्रेंटचं यंत्र टिकटिक करत होतं. मर्टलनं रँडलची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि एकेक करून डोळे तपासले.

"आणि तू?" तिचा आवाज फाटला होता. "तू पण घेतोस का रे? खरं सांग. तुझी पण छाती दुखते का? मी तुला कधी विचारलंच नाही रे, रँडल."

"नाही घेत," तो म्हणाला.

तिला खरं वाटलं नाही. तिनं तळहात त्याच्या शर्टावर दाबून ठेवला आणि आतले ठोके मोजत बसली. बारा वर्षांचा असल्यापासून तो याचीच वाट बघत होता, आणि आता ते मिळालं होतं भिंतीपलीकडं अर्धमेल्या पडलेल्या पोराच्या जिवावर. त्याला लाज वाटत होती. तरी तिनं हात काढू नये म्हणून तो श्वास रोखून बसून राहिला.