पहाटे पाचची मोजणी

हे लिहिण्याचे धाडस मी करीत आहे याबद्दल वाचकांनी मला प्रारंभीच क्षमा करावी. आयुष्यभर मी लिहिले ते तक्ते, टिपणे आणि अहवाल. त्यांत ‘मी’ हा शब्द वापरण्याची मुभा नसे, आणि ती नसणे मला मनातून सोयीचेच वाटे. साठी उलटल्यावर आता प्रथमच स्वतःच्या नावाने काही सांगू पाहते आहे. हा परिच्छेद लिहिण्यापूर्वी तीनदा उठले, पंखा बंद केला, पुन्हा लावला. भाषेत काही उणे राहिले तर ते वयाचे नव्हे, सवय नसल्याचे समजावे.

पुण्यातील एका विद्यापीठात सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणारा एक विभाग होता, त्यात मी नोकरीला होते. शासनाने एखादी योजना आखली की ती गावात खरोखर कशी चालते हे पाहून यायचे, मोजायचे, आणि अहवाल लिहायचा, हे आमचे काम. अहवाल मंत्रालयात जाई, त्याचा सारांश वर्तमानपत्रांकडे जाई आणि त्यावर दूरचित्रवाणीवर चर्चा झडत. आमच्या विभागप्रमुखांच्या शब्दाला वजन होते. ते सचोटीचे गृहस्थ होते हे आधीच नमूद करते, कारण पुढील हकिगतीत त्यांच्यावर रोष यावा अशी माझी इच्छा नाही.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नाही तेव्हा बीड जिल्ह्यात जागोजाग चारा छावण्या उघडल्या. काही साखर कारखान्यांनी चालवल्या, काही गावच्या सहकारी संस्थांनी. छावणी म्हणजे मोकळ्या रानात बांबूंवर टाकलेली हिरवी जाळी, तिच्याखाली खुंट्यांना बांधलेली जनावरे, उसाच्या कुट्टीचे ढीग आणि टँकरच्या पाण्याचा हौद. शासन चारा देई. मात्र रजिस्टरात नोंदलेले जनावर अहोरात्र छावणीतच असले पाहिजे, अशी अट होती. ती पाळली जात नाही, कागदावर जनावरे फुगवली जातात, अशी ओरड सुरू झाली आणि पाहणी आमच्याकडे आली.

“तुम्ही तिथल्याच,” विभागप्रमुख म्हणाले, आणि मला पाठवले.

मी तिथली होते खरी, पण बीड शहरातली, कापडाच्या पेढीवाल्यांच्या घरची. आमच्याकडे दूध पितळी चरवीतून दारात येई. ते घेऊन येणारी बाई किती वाजता उठत असेल, असा प्रश्न त्या घरात कोणी विचारलेला मला आठवत नाही.

आमच्या पाहणीचा एक नियम होता: आधी मोजायचे, मग विचारायचे. चालकाला आगाऊ काही विचारले तर तो सारवासारव करतो आणि मोजणी बिघडते. म्हणून आम्ही न कळवता जात असू, तेही पहाटे पाचला, कारण त्या वेळी देखावा उभारायला कोणाला सवड नसते. हा नियम मला फार शास्त्रशुद्ध वाटे. माझ्या भिडस्त स्वभावाला तो मानवेही. अनोळखी माणसाशी बोलावे लागत नसे.

पाटोद्याच्या रस्त्यावरून आत गेल्यावर एक गाव लागते. तिथली छावणी गावातल्या महिला दूध उत्पादक संस्थेने चालवली होती. लहानशी, नेटकी छावणी. जीप थांबली तेव्हा तिथे घोंगडी पांघरलेला एक म्हातारा राखणदार तेवढा होता. डोक्याला रुमाल गुंडाळून, विजेरी घेऊन मी ओळीने खुंटे मोजत गेले. कितीतरी खुंटे मोकळे होते.

“बाई, जरा दम धरा की,” म्हातारा मागून म्हणाला. “येतेलच आता.”

नियमाप्रमाणे मी उत्तर दिले नाही.

“चहा तरी घ्या. इतक्या येरवाळी कोन पाव्हनं येतंय?”

चहाही नियमात बसत नव्हता. सहाच्या सुमारास आम्ही निघालो, तेव्हा समोरून गायीम्हशींची एक रांग छावणीकडे येताना दिसली. बरोबर डोक्यावर पदर घेतलेल्या बायका होत्या. जीपला वाट देण्यासाठी त्यांनी जनावरे कडेला घेतली. मी वही उघडली आणि लिहिले: ‘पाहणीची कुणकुण लागताच बाहेरून जनावरे आणून रिकामे खुंटे भरण्यात आले.’

हे वाक्य मला आवडले होते, हे कबूल करायला हवे. अहवालात ते जसेच्या तसे गेले. एका दैनिकाने ते चौकटीत छापले. पंधरवड्याच्या आत आदेश निघाला: लहान छावण्या बंद करून जनावरे चौसाळ्याच्या बाजूच्या मोठ्या छावणीत हलवावीत. आमच्या विभागात समाधान पसरले. अभ्यासाचा इतक्या लवकर उपयोग सहसा होत नाही.

त्यानंतर बीडला एका शासकीय सभागृहात बैठक झाली. विभागप्रमुख जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसोबत व्यासपीठावर होते. मी कागदांची पिशवी सांभाळत दुसऱ्या रांगेत बसले होते. त्या दूध संस्थेच्या अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, शिडशिडीत, आवाज मात्र सभागृह भरून टाकणारा.

“साहेब, आमची छावणी कावून बंद करायलात?”

“ताई, विद्यापीठाचा अहवाल आहे,” अधिकारी म्हणाले. “नोंदलेली जनावरं जागेवर नव्हती.”

“कवा बघितलं?”

“पहाटे पाच वाजता.”

“पाच वाजता दुभती गाय घरी वासरापाशी असती. वासरू छावणीत ठिवलं तर रातभर तेच पितंय, अन् वासराबिगर गाय पान्हा सोडत न्हाई. पिळून झालं की गाय परत छावणीला. साडेसहाला गावात दुधाची गाडी येती. आमी काय गाडीवाल्याला म्हनावं, थांब बाबा, विद्यापीठाचं मोजून हुं दे?”

सभागृह हसले. अधिकारीही हसले आणि म्हणाले, “चौसाळ्याला सोय चांगली आहे, ताई.”

“गायीची हाय. आमच्या गावापासून ते लई लांब. बायांनी तिथं मुक्काम करायचा, तर घरची चूल तुमी पेटवता का येऊन? गडीमानसं जनावरं घिऊन जातील, दूध तिथंच कुनाला बी घालतील. संस्था आमची बुडती. सा वर्सं लागली साहेब, ती उभी करायला.” मग त्या व्यासपीठाकडे वळल्या. “मोजलं कोनी, त्यांला माझ्याम्होरं उभं करा. मी मारत न्हाई. निस्तं इचारते, आमाला एका शब्दानं इचारलं का न्हाई म्हनून.”

माझ्या मांडीवरची पिशवी मी घट्ट धरली. उभे राहायला एक पाऊलही टाकावे लागणार नव्हते. विभागप्रमुख म्हणाले, “आमच्या पथकाने मोजलं,” आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

विश्रामगृहावर परतल्यावर मी त्यांना रस्त्यावरच्या त्या रांगेविषयी सांगितले. बायका आमच्या जीपला वाट देत होत्या; आमच्यासाठी धावत आलेल्या नव्हत्या. हे मी तेव्हाही पाहिले होते, फक्त अर्थ वेगळा लावला होता.

“तुम्ही विचारलं का नाही?” ते म्हणाले.

“नियम होता, सर.”

“नियम माझाच होता.” त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. “उद्या परत जा. या वेळी आधी विचारा.”

त्याच आठवड्यात ते दूरचित्रवाणीच्या एका चर्चेत म्हणाले की आमच्या अहवालात दुरुस्ती करावी लागेल. निवेदकाने मान हलवली आणि एका पुढाऱ्याला कागदी जनावरांविषयी विचारले. कागदी जनावरे आता सगळ्यांच्या तोंडी बसली होती.

मी परत गेले. पहाटे चार वाजता अध्यक्षबाईंच्या अंगणात गाय पिळताना पाहिली, वासरू कधी सोडतात आणि कधी ओढून बांधतात हे पाहिले, संस्थेच्या खोलीत बायकांच्या रांगेत उभी राहिले, गाडी आली तेव्हाची वेळ लिहिली. अध्यक्षबाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होत्या आणि मी लिहिले की नाही ते वहीत डोकावून बघत होत्या.

“आदी आलते ते निराळेच व्हते म्हनं,” त्या म्हणाल्या. “तोंडात मूग धरल्यावानी. तुमी निदान इचारताव तरी.”

तिथेच बोलायला हवे होते. मी पेन्सिलीला टोक करू लागले. छावणीत तो म्हातारा माझ्याकडे निरखून पाहत राहिला.

“बाईंला कुठंतरी बघितल्यावानी वाटतंय.”

“मी बीडचीच आहे,” मी म्हणाले.

तो “हां” म्हणाला आणि कुट्टी सारू लागला. त्याने ओळखले होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

दुरुस्तीचे टिपण मी दोन दिवसांत लिहिले. विभागप्रमुखांनी स्वतःच्या पत्रासह ते पाठवले. ‘नोंद घेण्यात आली आहे’ असे उत्तर आले. ते येईपर्यंत छावणी हललेली होती. खुंटे उपटले गेले, जनावरे ट्रकमधून गेली. गावातले दूध इतके घटले की गाडी येईनाशी झाली, आणि पावसाळ्यापर्यंत संस्थेच्या खोलीला कुलूप लागले.

पुढच्या दुष्काळात मात्र छावण्यांच्या नियमांत एक ओळ आली: दुभती जनावरे धारेच्या वेळी घरी नेण्यास मुभा राहील, आणि मोजणी दिवसा होईल. ती ओळ आमच्या टिपणातून घेतलेली होती. धोरणावर अभ्यासाचा परिणाम कसा होतो, याचे उदाहरण म्हणून विभागाच्या माहितीपत्रकात ती कित्येक वर्षे छापली जाई. माझ्या निरोपसमारंभातही तिचा उल्लेख झाला. रिकाम्या खुंट्यांविषयीच्या त्या पहिल्या वाक्याचा उल्लेख कोणी केला नाही; ते कोणाचे होते हे विभागप्रमुखांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि ते आता हयात नाहीत.

एवढ्यावर हे विसरून जाता आले असते. मी प्रयत्न केला. परंतु कोणाच्याही घरी सकाळच्या चहाला गेले की दूध कुठून येते हे विचारावेसे वाटते, आणि विचारवत नाही.

गेल्या आठवड्यात अध्यक्षबाईंचा फोन आला. आवाज थकला आहे, पण भरदारपणा गेलेला नाही. त्यांच्या सुनांनी आणि गावातल्या इतर मुलींनी मिळून संस्था पुन्हा नोंदवली आहे. नवे संकलन केंद्र सुरू होते आहे. त्या दिवशी गावाला माझा सत्कार करायचा आहे. “सरकारला खरं कळवनाऱ्या एकट्या तुमीच,” त्या म्हणाल्या. “मोजून गेलेल्यांचं तोंड बी आमी बघितलं न्हाई. पोरींला तुमाला दावायचंय.” मी “कळवते” असे म्हणून फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा मी तो वाजू दिला.

न जाणे हाही खोटेपणाच, हे मला कळते. जाऊन खरे सांगितले तर त्या मुलींचा पहिला दिवस माझ्या कबुलीसाठी मी वापरला असे होईल, असेही वाटते. आणि ही सबब मी इतक्या सहज रचली की तिचाच संशय येतो. आयुष्यभर इतरांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला आणि जिथे विचारायचे तिथे विचारले नाही. म्हणून या वेळी निर्णय घेण्याआधी विचारते आहे: मी त्या सत्काराला जाऊन, शाल घेण्यापूर्वी, ते वाक्य माझे होते हे सर्वांसमोर सांगावे का?