दाराशी काढलेल्या वहाणा

आमच्या संग्रामपूरच्या शाळेत वर्गात जाताना वहाणा बाहेर काढायच्या. हेडमास्तरसुद्धा काढत. खाली टाटपट्टी, तिच्यावरच बसायचं, मग शेणामातीच्या वहाणा आत कशाला न्यायच्या? यात अडाणीपणा काय होता, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मॅट्रिकला मी शाळेत पहिला आलो. मला डॉक्टर व्हायचं होतं आणि वडिलांनी गावभर तसं सांगूनही टाकलं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आता खेड्यातली पोरं शिकणार, असं भाषण जो तो पुढारी आमच्या बाजारात ठोकून जायचा.

शहरातल्या कॉलेजात पहिल्याच दिवशी मी सवयीने दाराशी वहाणा काढल्या आणि आत जाऊन बाकावर बसलो. प्राध्यापक आले ते वहाणांकडे बघतच.

"आज इथे सत्यनारायण आहे का?" त्यांनी विचारलं.

वर्ग खो खो हसला. त्यानंतर ते तासभर इंग्रजीतच बोलले, त्यामुळे त्या दिवशी मला कळलेलं त्यांचं वाक्य तेवढंच. तास संपल्यावर बाहेर आलो तर वहाणा गायब.

दुपारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. अनवाणी पोराला प्रयोगशाळेत घेत नसत, पायावर ॲसिड सांडेल म्हणून. नियम बरोबरच होता. पण ज्यांनी वहाणा पळवल्या तेच टोळभैरव माझ्यासमोरून ऐटीत आत गेले.

पुढच्या प्रॅक्टिकलला खोलीतल्या जोडीदाराचे जुने बूट घालून गेलो. ते मोठे होते, चालताना फटफट वाजत. सत्यनारायणाचा किस्सा तिथल्या सरांच्याही कानावर गेला होता. ते म्हणाले, "आज बाहेर नाही काढलेस? देव कोपेल ना." पुन्हा तोच हशा. माझं डोकं फिरलं. हातातली परीक्षानळी ठेवली आणि बाहेर पडलो, तो परत तिकडे फिरकलो नाही. प्रॅक्टिकलशिवाय सायन्स नाही, म्हणून आर्ट्‌सला नाव घातलं. एवढ्याशा हसण्याने कोणी सायन्स सोडतं का, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. त्यांना कधी कोणी हसलेलं नव्हतं.

दिवाळीत घरी गेलो. वडील बैलांना वैरण टाकत होते.

"काऊन बे, सायन्स काऊन सोडलं?"

खरं सांगितलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी एसटीने कॉलेजात जाऊन उभे राहिले असते. त्या लोकांनी त्यांचंही हसं केलं असतं. ते मला सोसलं नसतं.

"मले नाही झेपलं," मी म्हटलं.

ते पुन्हा वैरण टाकायला लागले. पुढे मी मास्तर झालो, घर सांभाळलं. पण घरी पाहुणा आला की वडील त्याला सांगत, "पोरगं चांगलं हाय आमचं, पण डोकं बेताचं हाय त्याचं." शेवटपर्यंत सांगत राहिले. मी बाजूलाच बसलेला असायचो.