जावयाचा मान आणि गुळगुळीत टायर

माझी अक्का वळणामुळं गेली नाही. टायरमुळं गेली.

आज वर्ष झालं. सकाळी भावकीतले चौघे म्हसवडच्या पुढच्या त्या वळणावर नारळ फोडून आले. म्हणे, जागाच वाईट हाय.

कसली वाईट जागा? तिथून रोज एसटी जाते, दुधाचे टेम्पो जातात. त्या दिवशी रस्ता नुसता ओला होता. दाजींनी ब्रेक दाबला, गाडीची मागची बाजू फिरली आणि गाडी सरकत झाडावर गेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आटपाडीची लेक, फलटणची सून. आम्हा सगळ्यांना फाडफाड बोलायची, नवऱ्यापुढं मात्र गप्प.

दोघं आमच्याकडूनच परत निघाली होती. डिकीत पिशव्या ठेवताना मी मागचे टायर बघितले. खाचेत नखसुद्धा रुतेना.

"दाजी, टायर गेल्यात की ओ."

दाजी हसले. "आवं पाव्हणं, अजून लय पळत्यात."

मी पुढं बोलणार तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. "गप रं. जावयाला दारात असं बोलत्यात व्हय?"

मी गप्प बसलो. मला कळत होतं, तरी बसलो.

टॉवेल-टोपी दिली, मान राखला आणि त्याच टायरवर बहीण पाठवून दिली. शाब्बास आमची.

दसऱ्याला गाडीला हार घालता. टायरला काळं पॉलिश मारता. मग जरा वाकून बघायला कंबर मोडते का? खाचेच्या तळाशी रबराची बारकी पट्टी असते. टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की संपला. त्याला शाळा शिकावी लागत नाही.

आज दाजी अक्काच्या सहा वर्षांच्या लेकीला, सईला, आजीकडं घेऊन आले. गाडी दुसरी, माणूस तोच. ते निघताना मी उकिडवा बसून टायर बघितले. मागचे दोन्ही गुळगुळीत.

"दाजी, सई ह्या गाडीत बसणार न्हाई. आधी टायर बदला."

"चारचौघांत इज्जत काढताय व्हय माझी?"

"व्हय."

ही पोस्ट दाजी वाचतील. वाचू देत.

मी आईकडं बघितलं. वाटलं, आता परत हात दाबणार.

आईनं सईचा हात धरला, तिला घरात नेलं आणि आतून कडी लावली.

अक्का, हे आम्ही वर्षापूर्वी करायला हवं होतं. आम्ही चुकलो.

तुला शेवटचा नमस्कार.