अनंतदादाचं धुकं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी संकलनाला बसले होते. "अगं, हे गेले," एवढंच त्या बोलू शकल्या. अनंतदादा दिंडोरीत द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये सीसीटीव्ही बसवत होता. छातीत कळ आली म्हणून शिडीवरून उतरला, भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. इतका चांगला कॅमेरामन त्या शिडीवर चढला कशाला, हे सांगण्यासाठी मी लिहिते आहे. स्मृतिलेखात राग नसावा म्हणतात. माझ्या लेखात आहे.

आम्ही बरीच वर्षं एकत्र काम केलं. चित्रण त्याचं, संकलन माझं. सख्खा भाऊ नव्हे, पण भाऊबीजेला हक्काने यायचा आणि ओवाळणीऐवजी कॅमेऱ्याबद्दल काहीतरी शिकवून जायचा. साडी म्हणून कधी आणली नाही! बिट म्हणजे काय तेही त्याने फराळाच्या ताटावर बसूनच सांगितलं होतं. "आठ बिटांत एका रंगाच्या दोनशे छप्पन्न छटा मावतात, दहा बिटांत हजारावर. लग्नातल्या शालूला काही फरक पडत नाही गं. पण धुकं घे. ते हळूहळू उजळत जातं. छटा कमी पडल्या की त्याचे पट्टे दिसायला लागतात..." धुक्याच्या बाबतीत तो भलता हट्टी होता. ब्रह्मगिरीवरचं धुकं मिळावं म्हणून त्र्यंबकला मुक्काम ठोकून बसला होता. हवं तसं मिळाल्यावर लहान मुलासारखा नाचत आला.

ते चित्रण गोदावरीवरच्या एका माहितीपटासाठी होतं. निर्मात्यांचं नाव लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतीलच. उजेडाची बारीकसारीक छटा वाया जाऊ नये म्हणून दादाने कॅमेरा अशा तऱ्हेने लावला होता की कच्चं चित्र फिकं, राखाडी दिसावं. खरे रंग नंतर संगणकावर चढवायचे असतात. त्याने हे आधी सांगून ठेवलं होतं. तरी या गृहस्थांनी चार पाहुण्यांसमोर तेच कच्चं चित्र पडद्यावर लावलं आणि म्हणाले, "अनंता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला का रे?" सगळे हसले. "साहेब, थोडा वेळ द्या, रंग चढवून दाखवतो," दादा म्हणत राहिला. धुक्याचं चित्रण दादाकडेच टाकून त्यांनी दुसरा कॅमेरामन घेतला, आणि पुढे जिथे जातील तिथे तो मोतीबिंदूचा किस्सा रंगवून सांगितला. दादाची लग्नाची कामंसुद्धा आटली. "सीसीटीव्हीत कुणी रंग विचारत नाही," असं म्हणून तो हसायचा. मला कधी हसू आलं नाही.

दशक्रियेला, रामकुंडावर, याच माणसाने माईक हातात घेतला. "अनंता म्हणजे माझा उजवा हात!" मी दात-ओठ खात ऐकत होते. भाषण संपल्यावर ते माझ्याकडे आले. दादाचं ते धुकं मी रंग चढवून लोकांना दाखवते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"ताई, ते ब्रह्मगिरीचं धुकं द्या ना. नव्या फिल्मची सुरुवात त्यानेच करू. अनंताला श्रद्धांजली होईल."

"कॅमेरामन म्हणून त्याचं नाव येईल?"

"आता गेलेल्या माणसाचं नाव टाकून काय करायचं? टीमचं एकत्र नाव जाईल."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. दादाला आयुष्यात हवं होतं ते एवढंच, त्या धुक्याखाली त्याचं नाव. मी गोड हसून हो म्हटलं आणि प्रत पाठवली. कच्ची, राखाडी, आठ बिटांत उतरवलेली. नुसती पाहिली तर काही कळत नाही. रंग चढवायला छटा ताणल्या की कळतं.

वहिनींनी दादाची कामाची खोली आता मला दिली आहे. भिंती त्याने स्वतः करड्या रंगवल्यात, भिंतीच्या रंगाने नजर फसू नये म्हणून. परवा तिथे मूळ दहा बिटांतलं धुकं लावून बसले होते. डोंगर दिसायच्या आधी सगळं हळूहळू उजळतं... कुठे एक पट्टा नाही. तेवढ्यात त्या निर्मात्यांचा फोन आला.

"ताई, आकाशभर पट्टे पडतायत हो! उद्या दाखवायचंय, मोठमोठी माणसं येणारेत. काय करायचं?"

"कॅमेरामनला विचारा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.