शोकसभेतल्या बाई, वर्गातल्या बाई

सावंत बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीच्या बाजारात भाजी घेत होतो. हातातली पिशवी तिथेच ठेवून रिक्षात बसलो... दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. शिक्षकांत मी सगळ्यात जुना, त्यामुळे बोलायचं माझ्याकडे आलं. बाई अजातशत्रू होत्या, कधी कुणाला दुखावलं नाही, त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, असं मी बोललो. नववीची मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती.

खरं तर बाईंचं ज्याच्याशी भांडण झालं नव्हतं असा माणूस शाळेत शोधावा लागला असता. त्या मराठी शिकवायच्या. शनिवारी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून नववीला एक कादंबरी वाचून दाखवायच्या. तिच्यातल्या नगरात प्रत्येकाने रोज सकाळी चौकात येऊन 'मी सुखी आहे' असं मोठ्याने म्हणायचं, न म्हणणाऱ्याच्या घराला टाळं. असं कुठे असतं का, म्हणून मुलं हसली. तेव्हा बाईंनी विचारलं, मुंबईहून चाकरमानी काका आले आणि अभ्यास कसा चाललाय म्हणाले, तर काय सांगता? सगळ्यांचं उत्तर एकच निघालं, 'बरा चाललाय.'

उपहास शिकवताना त्यांचा एक दंडक होता. दुबळ्याला हसणं ही नुसती टवाळी. हसायचं ते खुर्चीतल्या माणसाला, आणि त्याआधी स्वतःला. एका मुलाने स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांच्या लांबलचक भाषणावर लिहिलं, मुलं उन्हात करपतायत आणि पाहुणे बालपणात रमलेत असं. मुख्याध्यापक भडकले. बाई त्यांच्याशी चांगल्या तासभर भांडल्या. मी मध्ये पडून दोघांनाही गोड बोलून शांत करायला गेलो, तर माझ्यावरच उखडल्या. "सर, ते नगर दुष्टांनी नाही वसवलं हो. तुमच्यासारख्या गोड बोलणाऱ्यांनी वसवलं."

मला राग आला होता. आता वाटतं, त्या सभेत मी त्याच चौकात उभा राहून बोललो. बाईंना मी दुसऱ्यांदा मारलं, तेही त्यांच्याच मुलांसमोर. ही बोच काही केल्या जात नाही.

पुढे त्यांचा शनिवारचा तास माझ्याकडे आला. कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं, पण ते उघडायचा मला धीर होईना. म्हणून मुलांना म्हटलं, आज बाईंविषयी लिहा. पावस गावची एक मुलगी उभी राहिली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, खरं लिवायचं, का तुमी सभेत बोललाव तसं?"

मला तिच्याकडे बघवेना. "खरं," एवढंच कसंबसं म्हणालो. ती लगेच मान खाली घालून लिहायला लागली. थोड्या वेळाने मी तिच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो. तिने सुरुवात केली होती, 'आमच्या बाई कजाग होत्या. आम्हाला त्याच हव्यात.'